पंचाच्या खिशात

क्लबात सगळे त्याला खुंटी म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सामना सुरू झाला की गोलंदाज आपली टोपी त्याच्या हातात ठेवी, दुसरा घड्याळ देई, तिसरा बोटातली अंगठी, चौथा किल्ल्यांचा जुडगा. थोड्याच वेळात त्याच्या अंगावर इतकं सामान जमे, की त्याने बाद द्यायला हात उचलला तर आधी किल्ल्या वाजत आणि मग निर्णय कळे.

त्याचा पांढरा कोट या कामाला फार सोयीचा होता. गिरणीत कापड तपासायच्या खात्यात त्याची हयात गेली होती. निवृत्तीच्या दिवशी त्याने खात्याची कात्री परत केली, खडू परत केले, भिंग परत केलं, आणि कोट मात्र अंगावर तसाच ठेवून तो फाटकाबाहेर पडला. कोटाला चार खिसे होते. त्यातल्या वरच्या डाव्या खिशात वकिलाची कवळी असे.

वकील म्हणजे क्लबाचा सलामीचा फलंदाज. चेंडू तोंडावर बसला तर नवी कवळी करावी लागेल, या भीतीने तो मैदानात उतरताना कवळी रुमालात गुंडाळून पंचाकडे देत असे. त्यामुळे फलंदाजी करत असेपर्यंत वकील गप्प राही. क्लबातल्या बऱ्याच जणांना सामन्यातला तेवढाच भाग मनापासून आवडत असे.

खुंटीला सगळ्यात मोठा अभिमान होता तो आपल्या नजरेचा. गिरणीत दिव्यांच्या टेबलावरून कापड सरकत जाई आणि तो समोर उभा राहून त्यातला सुटलेला धागा, बारीकशी गाठ, तेलाचा पुसट डाग अचूक हेरी आणि खडूने फुली मारी. "मी फुली मारली की मालकाच्या बापाची टाप नव्हती ती पुसायची," हे वाक्य त्याच्या घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याने चहाबरोबर गिळलेलं होतं. मालकाचा बाप खुंटी नोकरीला लागायच्या आधीच वारला होता, हे बायको पाहुणा गेल्यावर सांगे.

आता गंमत अशी, की जवळचं त्याला अजूनही लख्ख दिसे. सुईत दोरा तो एका झटक्यात ओवी. पण हाताच्या अंतरापलीकडचं जग गेल्या काही वर्षांत हळूहळू विरघळत चाललं होतं. समोरून येणारी बस त्याला दिसे, तिचा नंबर दिसत नसे. माणूस दिसे, चेहरा दिसत नसे.

"हल्ली बसवर आकडेच फिक्या रंगात काढतात," तो म्हणे.

"हो ना," बायको म्हणे. "आणि हल्ली खांबही माणसांसारखे उभे करतात. मघाशी तुम्ही ज्याला हात केलात तो विजेचा खांब होता. पण असू दे, त्याला बरं वाटलं असेल."

चष्मा लावायचा म्हणजे नजर गेली हे कबूल करायचं, आणि नजर गेली तर मग उरलं काय? कोट. म्हणून त्याने चष्म्याचं नाव काढू दिलं नव्हतं, आणि तशाच डोळ्यांनी तो क्लबाचे सामने चालवत होता. त्याची एक पद्धत बसलेली होती. अपील झालं की तो आधी कान देई. दोघे-तिघे ओरडले तर मान हलवी. सगळे ओरडले तर जरा थांबे. मग मागचं अपील कुणाच्या बाजूने दिलं होतं ते आठवून या वेळचं दुसऱ्या बाजूला देई. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, पण इथे कुत्री दोन होती आणि खुंटी दोघांनाही सारखं पीठ वाटत होता. त्यामुळे दोन्ही संघांत त्याच्या निःपक्षपातीपणाचं मोठं कौतुक होतं.

त्याला स्वतःला हे सगळं कळत होतं का? अर्धवट कळत होतं. पूर्ण कळू नये याची तो काळजी घेत होता. वर्षभर घरात पंखा किती वर ठेवायचा हेसुद्धा बायको ठरवी. रस्त्यावर, बाजारात, बँकेत त्याला कुणी काही विचारत नसे. फक्त उन्हाळ्यातल्या त्या काही रविवारी त्याने एक बोट वर केलं की चांगला धडधाकट, दुकानदार, वकील, डॉक्टर असलेला माणूस मान खाली घालून चालता होई. एवढ्यासाठी माणूस बरंच काही न कळल्यासारखं करू शकतो.

क्लबाचा कप्तान म्हणजे खुंटीचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं हार्डवेअरचं मोठं दुकान होतं. दुकानात गल्ल्याच्या वर आणि क्लबाच्या खोलीत दाराच्या समोर, असे त्याचे दोन सारखेच फोटो लावलेले होते: बॅट काखेत, पोट आत ओढलेलं, आणि खाली 'नाबाद नव्वद'. त्या डावाची हकिगत ऐकल्याशिवाय त्याच्या दुकानातून कुणाला साधी खिळ्यांची पुडीही मिळत नसे.

मोसमातल्या मोठ्या सामन्याआधी एका संध्याकाळी मेहुणा बहिणीच्या घरी आला. बराच वेळ हवेबद्दल बोलला. मग म्हणाला, "भावजी, कसं आहे, लोक बोलायला लागलेत."

"कोण लोक?"

"म्हणजे असं कुणी एक नाही. एकंदर."

"या एकंदरला घेऊन ये एकदा," आतून त्याच्या बहिणीने सांगितलं. "मलाही बघायचाय."

"ताई, तू मधे बोलू नकोस. भावजी, आमचे जावई अंपायरची परीक्षा पास झालेत. सर्टिफिकेट फ्रेम केलंय. आता घरातच एवढा शिकलेला अंपायर असताना..."

 खुंटीने सुईदोरा आणायला सांगितला आणि मेहुण्याच्या नाकासमोर पहिल्या झटक्यात ओवून दाखवला.

"वा!" मेहुणा म्हणाला. "पण भावजी, मैदानावर कुणी सुई घेऊन बॅटिंग करत नाही."

शेवटी ठरलं ते असं: पलीकडच्या वसाहतीच्या क्लबाबरोबरचा सामना खुंटीने करायचा. काही घोळ झाला नाही तर तो आहेच, अगदी हातपाय चालताहेत तोवर. घोळ झाला तर जावई.

"नाहीतरी तुम्हाला आता आराम हवाच," मेहुणा उठता उठता म्हणाला. हे वाक्य त्याने फार मऊ आवाजात म्हटलं, आणि मेहुण्याचा आवाज मऊ झाला की काहीतरी आधीच ठरलेलं असतं हे त्याच्या बहिणीला लहानपणापासून माहीत होतं.

सामना मैत्रीचा होता. म्हणजे हरलेली बाजू जिंकलेल्या बाजूशी वर्षभर बोलत असे, फक्त जरा तिरकं. त्या दिवशी ऊन असं पडलं होतं की गवत मिटल्यासारखं झालं होतं आणि लोखंडी खुर्च्यांवर बसलेली माणसं चटका बसून एकेक करून उभी राहत होती. तंबूत क्लबातल्या बायका सँडविचवर ओलं फडकं घालत होत्या. ते घातल्या घातल्या वाळत होतं. कोटाची वरची गुंडी लावून खुंटी उभा होता. घाम मानेवरून निघून कुठे कुठे जात होता ते त्यालाच ठाऊक.

पहिला डाव पाहुण्यांचा होता. खुंटीने आपल्या पद्धतीने एक अपील इकडे, एक तिकडे असं वाटप सुरू केलं आणि सगळं ठीक चाललं होतं. मग जावयाच्या एका चेंडूने मधला स्टंप उखडला आणि तो पार मागे जाऊन पडला. फलंदाज निघाला. क्षेत्ररक्षक एकमेकांच्या गळ्यात पडले. खुंटी मात्र अपीलची वाट बघत स्तब्ध उभा होता, आणि थोड्या वेळाने त्याने रीतसर विचारलं, "पुढचा चेंडू टाकताय ना?"

"काका," जावई म्हणाला, "स्टंप नाहीये तिथे."

"माहीत आहे मला," खुंटी म्हणाला. "तुमची परीक्षा बघत होतो."

जावई हसला नाही. तो हसणाऱ्यांतला नव्हताच. त्याने कप्तानाकडे पाहिलं, कप्तानाने मान डोलावली, आणि ती मान खुंटीला जरी दिसली नाही तरी तिची झुळूक त्याला लागली.

जेवणाच्या सुट्टीत बायको सरबताचे पेले भरत होती. पाहुण्यांच्या संघात एक गुरांचा डॉक्टर होता, उंच आणि बडबड्या. तो उन्हातून तंबूत शिरला आणि तिच्या समोर येऊन उभा राहिला. त्याच्या डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल होता.

"आत तरी काढा तो," ती म्हणाली. "सरबत आहे का सांडपाणी ते दिसू दे."

"वहिनी, हा गॉगल नाही. नंबरचा चष्मा आहे. उन्हात काळा होतो, सावलीत पांढरा. बघा, बघत राहा." आणि खरोखरच दोघं बोलत असेपर्यंत त्याच्या काचा धुतल्यासारख्या स्वच्छ झाल्या. "याच्याशिवाय मला गाय आणि बैल यांतला फरक कळत नाही. धंद्यात ते बरं नाही दिसत. पण बोलिंग टाकताना मात्र काढून ठेवतो. घामाने नाकावरून घसरतो."

"मग दिसतं कसं?"

"दिसायचंय काय? समोर बॅट घेऊन कुणीतरी उभा असतो. तेवढा अंदाज पुरतो."

दुसरा डाव सुरू झाला. वकिलाने कवळी खुंटीच्या खिशात ठेवली, गुरांच्या डॉक्टरने चष्मा ठेवला, आणि पहिले काही चेंडू पडले. खुंटीला नेहमीसारखंच दिसलं: एक पांढुरका डाग येतो, एक पांढुरका डाग हलतो, कुठेतरी टक्क आवाज होतो. पण आज मागे उभा राहून जावई सगळं बघत असणार. एक अपील झालं, त्याने सवयीने मान हलवली, आणि त्याच क्षणी त्याच्या लक्षात आलं की आपला हात खिशात गेला आहे आणि बोटं त्या चष्म्याच्या काडीशी चाळा करताहेत.

गोलंदाज धावत आला. खुंटीने टोपी पुढे ओढली आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

समोरच्या टोकाला फलंदाजाच्या पाठीमागे लावलेला पांढरा पडदा एकदम पुढे आल्यासारखा झाला. तो दोन वेगवेगळ्या ताग्यांचं कापड जोडून शिवलेला होता, एक किंचित पिवळट, एक निळसर, आणि डाव्या बाजूला बारीक बारीक गाठी होत्या. असला माल त्याने गिरणीच्या दारातून बाहेर पडू दिला नसता. त्याला इतका आनंद झाला की चेंडू कुठे गेला ते त्याने बघितलंच नाही. मग त्याने वकील पाहिला. कवळी नसल्यामुळे वकिलाचे गाल आत गेले होते आणि तो एखाद्या रुसलेल्या बाळासारखा दिसत होता. तंबूच्या दाराशी बायको उभी होती. ती केव्हा एवढी पांढरी झाली? तिने डोळ्यांवर आडवा हात धरला होता आणि ती थेट त्याच्याकडे बघत होती.

पुढचा चेंडू खाली बसला आणि वकिलाच्या पायावर आदळला, मधल्या स्टंपच्या बरोब्बर समोर. पाहुण्यांतले फक्त दोघे ओरडले, तेही सवय म्हणून. दोघांच्या ओरडण्यावर खुंटी कधीच काही देत नाही हे त्यांनाही माहीत होतं. पण खुंटीने ते पाहिलं होतं, अगदी दिव्यांच्या टेबलावर धागा सुटलेला दिसावा तसं. किल्ल्या वाजल्या. बोट वर गेलं.

वकील तरातरा चालत त्याच्यापर्यंत आला आणि हातवारे करत बरंच काही बोलला. त्यातलं अक्षर कुणाला कळलं नाही.

"दात देऊ का?" खुंटीने विचारलं.

वकिलाने रुमाल हिसकावून घेतला, कवळी बसवली आणि कडाडला, "पहिल्या ओव्हरला एलबी देतात का? मैत्रीची मॅच आहे ही!"

"पाय मैत्रीत मधे आला," खुंटी म्हणाला.

षटक संपलं. डॉक्टर डोळे बारीक करत येण्याआधी चष्मा खिशात गेला होता. खुंटीने तो काढून त्याच्या हातात ठेवला. उन्हाच्या या भट्टीत पाहुण्यांपैकी दुसरं कुणी धड गोलंदाजी करायला तयार नव्हतं, म्हणून एका टोकाने डॉक्टरच टाकत राहिला, आणि त्याच्या प्रत्येक षटकाला चष्मा खुंटीकडे येत राहिला. तंबूत एव्हाना बोभाटा झाला होता.

"गॉगल लावलाय त्याने! काळाभोर गॉगल!"

"आधीच दिसत नाही, त्यात वर गॉगल. आता काय डोंबल दिसणार?"

"अंपायर आहे का सिनेमातला व्हिलन?"

 बायको मात्र फडकं ओलं करत होती आणि गालातल्या गालात हसत होती.

मग कप्तान खेळायला आला. दुसऱ्या बाजूला, म्हणजे खुंटीच्या शेजारी, जावई उभा होता. मेहुणा लांबून नेहमी रुबाबदार आकृती वाटे. आज खुंटीला त्याचं पोट दिसलं, विजारीवरचा चटणीचा डाग दिसला, आणि चेंडू येताना तो डोळे मिटतो हेही दिसलं. तिसऱ्या चेंडूला बॅटची कड लागली. बारीकसाच आवाज झाला, पण चेंडूने वाट बदलली ती खुंटीने पाहिली. यष्टिरक्षकाने झेल घेतला आणि ओरडला. मेहुणा जागेवरच उभा राहून आकाशाकडे बघू लागला. त्याचा चेहरा असा निरागस होता की खुंटीला लग्नाच्या आधीची गोष्ट आठवली: डब्यातली बिस्किटं संपलेली, आणि हाच चेहरा करून हा पोरगा दारात उभा.

आणि मग त्याला नव्वदचा डावही आठवला. तेव्हाही किती वेळा अपील झालं होतं. तेव्हाही हा असाच आकाशाकडे बघत असणार. आणि आपण मान हलवत होतो.

त्याने बोट वर केलं. जरा जास्तच वर केलं.

मेहुणा हलेना. "भावजी," तो दात आवळून म्हणाला, "मी आहे."

"दिसतंय मला," खुंटी म्हणाला.

डाव त्यानंतर पत्त्यांच्या बंगल्यासारखा कोसळला. जावयाला त्याने धावचीत दिलं, वीतभर बाहेर होता म्हणून. तो मात्र सरळ निघून गेला. शेवटचा फलंदाज डॉक्टरच्याच चेंडूवर गेला, पाहुण्यांनी डॉक्टरला खांद्यावर घेतलं, आणि त्या गोंधळात चष्म्याचं कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. खुंटीच्याही. तो तसाच, काळ्या काचा डोळ्यांवर घेऊन, तंबूत शिरला.

तंबूत मेहुणा तयारच होता. सगळे जमल्यावर तो खाकरला.

"आज कुणाला दोष द्यायचा नाही," तो म्हणाला, आणि मऊ आवाजात तो देऊ लागला. "भावजींनी इतकी वर्षं या क्लबाची सेवा केली. त्यांच्या नजरेकडे कधी कुणी बोट दाखवलं नाही. पण वय कुणाला चुकलंय? आज आपण सगळ्यांनी बघितलं. माणसाला दिसेनासं झालं की त्याने मानाने बाजूला व्हावं. म्हणून क्लबातर्फे ही छोटीशी भेट."

भेट त्याच्याच दुकानातली होती: लाकडी पट्टीवर बसवलेल्या चार पितळी खुंट्या. लोक हसले. खुंटीने चष्मा कपाळावर सरकवला, पट्टी हातात घेऊन डोळ्यांजवळ आणली आणि खाली कोरलेली अक्षरं वाचली. 'नजरेच्या पक्क्या पंचास, सप्रेम', आणि आजची तारीख. पितळेवर अक्षरं कोरून घ्यायला वेळ लागतो. सामना सकाळी सुरू झाला होता.

त्याने चष्मा परत डोळ्यांवर आणला, मेहुण्याचा चेहरा नीट बघावा म्हणून. आणि मेहुणा बोलता बोलता थांबला. कारण सगळे खुंटीच्या तोंडाकडे टक लावून बघू लागले होते. काळ्या काचा करड्या झाल्या, करड्याच्या धुरकट, धुरकटाच्या स्वच्छ, आणि त्यांच्यामागून खुंटीचे दोन्ही डोळे हळूहळू बाहेर आले.

"अरे, माझा चष्मा बघितला का कुणी?" तंबूच्या दारात हात पुढे करून चाचपडत डॉक्टर विचारत होता.

 सगळे एकदम बोलू लागले.

"म्हणजे याला दिसत होतं?"

"आज दिसत होतं! म्हणजे आजपर्यंत..."

हे वाक्य कुणी पुरं केलं नाही. प्रत्येकाला आपापल्या जुन्या धावा आठवल्या असाव्यात. मेहुण्याची नजर नकळत दाराकडे गेली, जणू तिथून क्लबाच्या खोलीतला फोटो दिसणार होता.

वकिलाने कवळी घट्ट बसवली. "मुद्दा साधा आहे," तो म्हणाला. "चष्मा परक्याचा होता. परक्याच्या चष्म्यातून जे दिसतं ते दिसणं नव्हे. म्हणून आजचे निर्णय सगळे चुकीचे. आधीचे सगळे स्वतःच्या डोळ्यांनी दिलेले, ते बरोबर."

"म्हणजे आज जे दिसलं ते खोटं," बायको फडकं पिळत म्हणाली, "आणि इतकी वर्षं जे दिसलं नाही ते खरं. असंच ना, वकीलसाहेब?"

"ताई, तू मधे बोलू नकोस!"

"पण बाबा," जावई म्हणाला. त्याचा आवाज शांत होता आणि म्हणूनच भयंकर होता. "तुम्ही आऊट होता. मी पलीकडेच उभा होतो. कड लागल्याचा आवाज मला स्वच्छ आला. नियमाप्रमाणे तुम्ही स्वतःहून जायला हवं होतं. पुढच्या वर्षी मी अंपायर असेन तेव्हा या गोष्टी चालणार नाहीत."

तंबूत ऊन शिरल्यासारखं झालं. वकील कप्तानाच्या कानाशी लागला, पण त्याची कुजबुज कोर्टातली होती, सगळ्यांना ऐकू आली. "विचार करा. तुमच्या जावयाला चष्म्याशिवायही दिसतं."

मेहुण्याने घाम पुसला. पुन्हा खाकरला. "तर मी काय म्हणत होतो," तो म्हणाला, "की अशा अनुभवी माणसाला आपण सोडावं का? मुळीच नाही. एखाद्या दिवशी चूक होते. होते की नाही? भावजी, पुढच्या वर्षी तुम्हीच. फक्त एवढंच, मैदानात चष्मा लावायचा नाही. ना दुसऱ्याचा, ना स्वतःचा. जसे होता तसेच राहा."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खुंटीने डॉक्टरचा चष्मा काढून त्याच्या हातात दिला आणि समोरचे चेहरे पुन्हा मऊ, पांढुरके डाग झाले. खरं म्हणजे ते तसेच जास्त बरे दिसत होते. मेहुण्याने पितळी पट्टी हळूच आपल्याकडे ओढायला हात पुढे केला, पण बायकोने ती आधीच उचलली होती.

"दिलेली वस्तू परत घेतात का?" ती म्हणाली. "स्वयंपाकघरात लावीन. एप्रनला जागाच नव्हती."

"नाही लावणार," खुंटी म्हणाला. तो पट्टीबद्दल बोलतोय असं सगळ्यांना वाटलं. "मैदानात चष्मा लावणार नाही. शब्द देतो."

दुसऱ्याच दिवशी बायकोने त्याला चष्म्याच्या दुकानात नेलं. या वेळी त्याने आढेवेढे घेतले नाहीत, फक्त समोरच्या पाटीवरची शेवटची ओळ वाचता येईना तेव्हा "छपाई खराब आहे" एवढं म्हणाला. चष्मा झाला. त्याही काचा उन्हात काळ्या होणाऱ्या होत्या, ते मात्र त्याने स्वतः मागून घेतलं.

पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा मैदानात उभा राहिला, तोच कोट, तेच चार खिसे. कवळी वरच्या डाव्या खिशात आणि नवा चष्मा वरच्या उजव्या खिशात, काडी जराशी बाहेर दिसेल अशी. शब्द दिल्याप्रमाणे त्याने तो एकदाही डोळ्यांवर चढवला नाही. अपील झालं की फक्त त्याचा हात सावकाश त्या खिशाकडे जाई. किल्ल्या वाजत. आणि चष्म्याच्या काडीला बोट लागायच्या आत फलंदाज निघालेला असे. वकील तर एकदा अपील व्हायच्या आधीच निघाला, नुसती किल्ल्यांची किणकिण ऐकून. ती वाऱ्याने झाली होती.

मेहुण्याने त्या वर्षी कड लागल्याबरोबर बॅट काखेत मारली आणि आकाशाकडे न बघता तो तंबूकडे चालू लागला. पाहुण्यांनीसुद्धा उभं राहून टाळ्या वाजवल्या. मोसमाच्या शेवटी क्लबाने खिलाडूवृत्तीचा चषक त्यालाच दिला, आणि त्याचा फोटो नव्वदच्या फोटोशेजारी लागला. जावई बिचारा परीक्षेचं सर्टिफिकेट घेऊन तिसऱ्या स्लिपमध्ये उभा राहतो.

मेहुणा आपणहून निघून गेला त्या सामन्यानंतर घरी येताना बायकोने बसचा नंबर वाचायच्या आधीच खुंटीने तो सांगितला, कारण आता मैदानाबाहेर तो चष्मा लावू लागला होता. बसमध्ये बसल्यावर तिने हळूच विचारलं, "अहो, खरं सांगा, माझ्या भावाची कड लागली होती, ती तुम्हाला दिसली का हो?"

"काय दिसणार?" खुंटी म्हणाला. "चष्मा खिशात होता."